मालक, जरा बाहेर बसा

आमच्या इंदापूर तालुक्यात मिसरी म्हणजे तंबाखू नव्हे. तंबाखू पुरुष खातात, मिसरी बायका लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड सकाळी बोटाने दातांना घासत बसायचं. हे झाल्याशिवाय ज्यांना चूल पेटवायचं सुचत नाही, त्या बायका ‘तंबाखूला मी कधी शिवले नाही’ असं शपथेवर सांगतील. त्यांच्या मते ते खरंही असतं. आरोग्य विम्याची एजंट म्हणून मी बारामती आणि इंदापूर भागात निम्मं आयुष्य फिरले, त्यातला बराच वेळ हे समजावण्यात गेला.

विमा एजंट दिसली की लोक रस्ता बदलतात. लग्नाच्या पंगतीत शेजारची खुर्ची रिकामी राहते. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर मी काम कमी केलंय, तर संपादक म्हणतात, अनुभव लिहा. म्हणजे ज्यांनी मला टाळलं त्यांच्याच हातात हा अंक पडणार! पडू दे. माझ्या धंद्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट मी नाहीतरी लहान मालकांनाच सांगत आले, ती इथेही सांगते.

लहान मालक म्हणजे पाच-सात माणसांचा धनी. गॅरेजवाला, बेकरीवाला, रोपवाटिकावाला. माणूस आजारी पडला की हा खिशातून काहीतरी देतो, देताना कुरकुरतो आणि दिल्यावर वर्षभर सांगत फिरतो. कामगारांच्या सरकारी विम्याचा कायदा लागू व्हावा इतकी माणसं त्याच्याकडे नसतात. मग त्याच्यापुढे तीन वाटा उरतात. पहिली, सगळ्यांची मिळून एक पॉलिसी मालकाने काढायची. सोमेश्वरनगरला उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका मालकाला तीच हवी होती. त्याने बैलगाडीवानांचे बैलही त्यात बसतील का, असं विचारलं होतं. पण अशी पॉलिसी मालकाची असते. माणसाने काम सोडलं किंवा मालकाने शटर खाली ओढलं, की विमाही गेला. दुसरी वाट, पगार थोडा वाढवायचा आणि ‘तुझा तू विमा काढ’ म्हणायचं. त्या पैशातून घरावर पत्रे येतात, विमा कधीच येत नाही.

तिसरी वाट मला आवडते. कामगाराने स्वतःच्या नावाने पॉलिसी घ्यायची, हप्ता स्वतः भरायचा, पावती आणून दाखवायची आणि मालकाने तेवढी रक्कम बँकेतून परत करायची. कोणाला, किती मर्यादेपर्यंत, कधी, हे आधी एका कागदावर लिहून ठेवायचं आणि ते सगळ्यांना सारखं लावायचं. आमच्याकडचे सीए सांगतात की, कामगाराच्या स्वतःच्या आणि घरच्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता असा परत दिला तर तो सहसा पगारात धरला जात नाही, आणि मालकालाही तो धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो. तुम्ही तुमच्या सीएला विचारून घ्या. आणि एक नियम मी प्रत्येक मालकाच्या गळी उतरवत आले: मालकाने पावती बघायची, आजार बघायचा नाही.

हनीफभाईंच्या वरकुट्याच्या रोपवाटिकेत मी हीच पद्धत बसवली. हनीफभाई मुलाणी म्हणजे सरळ व्यवहाराचा आणि तितकाच हट्टी माणूस. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये मिरची, टोमॅटो, ढोबळीची रोपं. आठ बाया कामाला. आत जाताना दारातच फळी: तंबाखू, गुटखा, मिसरी घेऊन आत येऊ नये. फळीखाली दूध मिसळलेल्या पाण्याची बादली. मला आधी वाटलं की हे काही धार्मिक असेल. पण तसं नव्हतं. तंबाखूवर एक विषाणू असतो, तो हाताने रोपांना लागतो, आणि मिरची-टोमॅटोची पानं चट्टेपट्टे पडून आकसतात. दुधात हात बुडवले की त्याचा जोर मोडतो. भाईंची एकदा अख्खी शेड अशी गेली होती. शेतकऱ्यांनी रोपं आणून दारात फेकली होती. तेव्हापासून मिसरीची डबी सापडली की ती बाई त्याच दिवशी घरी जायची. लता नावाच्या एका चांगल्या कामाच्या बाईला त्यांनी सगळ्यांसमोर असं काढलं होतं.

सगळ्या बायांची पुढारी कौसाबाई. पन्नाशीची, हाडकुळी, बोलायला तिखट. कोवळं रोप ट्रेमधून मुळाला धक्का न लावता उचलावं ते तिनेच. तिची सून अश्विनीही तिथेच कामाला. माझी योजना ऐकून कौसाबाईने पहिला प्रश्न टाकला, “ताई, भाई नंतर देणार म्हंता. पण आदी आमी कुठनं भरायचं?”

या प्रश्नावर अशा कितीतरी योजना मेलेल्या मी पाहिल्यात. उत्तर तिनेच काढलं. बायांची भिशी चालायची. ज्या बाईचा हप्ता ज्या महिन्यात, त्या महिन्याची भिशी चिठ्ठी न काढता तिलाच द्यायची. तिने हप्ता भरायचा, पावती भाईंना द्यायची, पैसे परत आले की भिशी पुढे सरकवायची. मी हीच युक्ती नंतर चार ठिकाणी सांगितली आणि माझी म्हणून सांगितली.

अर्ज भरायच्या दिवशी मी हनीफभाईंना म्हटलं, “तुम्ही जरा बाहेर बसा. मला यांना तब्येतीचे प्रश्न विचारायचेत.”

“पैसं माझं जाणार मॅडम. मला ऐकू द्या की,” असं म्हणून त्यांनी खुर्ची उलट जवळ ओढली. मी पुन्हा म्हटलं, तर हसले. हसले म्हणजे उठणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

मी प्रत्येकीला विचारलं. दारू? गुटखा? तंबाखू? आणि वेगळं करून विचारलं, मिसरी? कौसाबाई म्हणाली, “न्हाय.” बाकीच्याही न्हायच म्हणाल्या. शेडच्या दारातली फळी माझ्या बसल्या जागेवरून दिसत होती.

पुढे ती टाळेबंदी आली. बाजार बंद, कोणी रोपं उचलेना, ट्रेच्या ट्रे भाईंनी उकिरड्यावर ओतले. हात जोडून म्हणाले, “यंदा हप्त्याचं मला जमायचं न्हाय.” पॉलिसी भाईंची असती तर तिथेच संपली असती. पण त्या बायांच्या स्वतःच्या होत्या. कौसाबाईने भिशी बंद पडू दिली नाही. कोणी खुरपायला जाऊन, कोणी अंडी विकून पैसे टाकले आणि आठही जणींचे हप्ते भरले गेले. मला त्या वर्षी स्वतःच्या गाडीचा हप्ता भरता आला नव्हता, म्हणून त्याचं मोल मला नीट कळलं. पुढच्या हंगामात भाईंनी परतफेड पुन्हा सुरू केली.

मग गेल्या वर्षी अश्विनीचा फोन आला. “ताई, आत्याबाईंच्या गालात आतनं जखम हाय. बारामतीत दावलं. तुकडा काढून तपासाय दिलाता. कॅन्सर निगालाय.”

मी दवाखान्यात पोचले तेव्हा कौसाबाई बाकड्यावर पदराने तोंड झाकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, अजून गाठी पसरलेल्या दिसत नाहीत, आत्ता काढलं तर चांगली आशा आहे, थांबू नका. सरकारी योजनेतून करायचं तर पुण्याला नंबर लावावा लागणार होता, आणि तो कधी लागेल हे कोणी सांगेना. इथे ऑपरेशनची तारीख मिळत होती. अट एकच, विमा कंपनीची मंजुरी आधी यायला हवी, नाहीतर पैसे आगाऊ भरा. ते भरण्याची त्या घराची ऐपत नव्हती.

विम्याच्या खिडकीवर बसलेल्या मुलीने कागद पाठवले. दुपारनंतर कंपनीचं उत्तर आलं. मंजुरी नव्हती, प्रश्न होता. दवाखान्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं की रुग्ण लग्नापासून मिसरी लावते. अर्जावर तर ‘नाही’ लिहिलंय. खुलासा करा.

मी अश्विनीला बाजूला घेऊन नियम सांगितला. पॉलिसी पाच वर्षं खंड न पडता चालली असेल, तर जुन्या अर्जात काही सांगायचं राहिलं एवढ्यावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. आपली चालली आहे, टाळेबंदीतसुद्धा. पण नियमाला एक दार आहे. माणसाने ठरवून फसवलं असं कंपनीने सिद्ध केलं, तर नाकारता येतो. आणि प्रश्न मिसरीचाच होता, स्पष्ट होता, उत्तरही स्पष्ट होतं. मग ती कंपनीला फसवायला नव्हे, तर काम जाईल या भीतीने खोटं बोलली, हे सांगणारं कोणीतरी हवं होतं. तिचं स्वतःचं म्हणणं तर आपण देणारच होतो. पण त्या दिवशी खुर्ची जवळ ओढून बसलेल्या हनीफभाईंचं म्हणणं त्याहून जड पडलं असतं.

कौसाबाई बाकड्यावरून ऐकत होती. तोंड अर्धंच उघडत होतं. म्हणाली, “भाईला सांगायचं न्हाय.”

“अहो, पण ऑपरेशन?”

“ऱ्हाऊ द्या.”

मला संताप आला. मी दवाखान्यात तिच्यावर ओरडले. लोक बघायला लागले तरी थांबले नाही. जीव मोठा की नोकरी मोठी, असलं काहीबाही बोलले. तिने ऐकून घेतलं आणि पदर तोंडावरून खाली केला.

“माझी नोकरी गेली तर गेली, ताई. म्या खोटं बोलले म्हणून भाईनं अश्विनीला बी काडलं, तर? दोन लेकरं हायती तिची. ल्योक दारू पितोय, तुमाला म्हाईत हाय. घर हिच्याच पगारावर चालायचं हाय म्होरं. मी जगले न जगले.”

अश्विनी रडायला लागली. मी मनात आणलं असतं तर तिथूनच भाईंना फोन लावला असता. पण कामगाराचा आजार तिच्या परवानगीशिवाय मालकाला सांगायचा नाही, हे मीच शिकवत आलेली. खिडकीवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, उद्या संध्याकाळपर्यंत खुलासा गेला नाही तर ऑपरेशनची तारीख दुसऱ्याला देतील.”

रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. सकाळी दवाखान्यात गेले तर कौसाबाई चप्पल घालून तयार बसलेली. अश्विनीने तिला काय सांगितलं कोण जाणे. अश्विनी एवढंच म्हणाली, “मीच म्हणले, काडलं तर काडलं, मी कुठं बी खुरपंन. पर सासूला मारून मला पगार नगं.”

मी दोघींना गाडीत घातलं. बारामती ते वरकुटे, वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या आणि एकेका ट्रॉलीमागे आम्ही रांगत होतो. मला हॉर्न वाजवायची सवय नाही, त्या दिवशी वाजवला. कौसाबाई खिडकीबाहेर बघत होती. एकदाच बोलली. “लताला काडलं त्या दिवशी माझी बी डबी कनवटीला हुती, ताई. म्या खाली बघून रोपं काडत ऱ्हायले.”

शेडच्या दारात पोचल्यावर तिने चपला काढल्या. फळीखालच्या बादलीत हात बुडवले, मनगटापर्यंत, एकदा, दोनदा, पुन्हा. आज तिला रोपाला हात लावायचा नव्हता. तरी बुडवले. मग ओले हात तसेच धरून ती आत गेली.

हनीफभाई एका शेतकऱ्याला मिरचीचे ट्रे मोजून देत होते. त्यांनी वळून बघितलं. “मावशी? रजा काडलीया न्हवं? तोंडाला काय झालं?”

“भाई, मी मिसरी लावते,” ती म्हणाली.

काम करणाऱ्या बायांचे हात थांबले. भाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला.

“लगीन झाल्यापास्नं लावते. हितं कामाला लागल्यापास्नं बी. तुमच्याम्होरं त्या कागदावर न्हाय म्हणले, त्ये खोटं हुतं. मला कॅन्सर झालाय. मला काडा, पर अश्विनीला काडू नगा. ती कशाला बी शिवत न्हाय.”

हनीफभाई त्या शेतकऱ्याला म्हणाले, “तुमी जरा बाहीर थांबा.” तो गेला. मग भाई उलट्या क्रेटवर बसले आणि म्हणाले, “मला ठावं हुतं.”

कौसाबाईला ते कळलंच नाही. मलाही आधी कळलं नाही.

“ज्याच्या हाताला काय नसतं त्यो एकदा बुडवतो आन जातो,” ते म्हणाले. “तुमी आल्या की तीनदा. जेवून आल्या की तीनदा. माझी आई बी मिसरी लावायची. वास मला वळखू येतो. पर तुमच्यावानी रोप काडणारी बाई दुसरी न्हाय. म्हणून म्या गप बसलो.”

माझा तोल गेला. “म्हणजे लताला काढलंत आणि यांना ठेवलंत? आणि त्या दिवशी खुर्ची ओढून बसलात ते ऐकायला? त्या न्हाय म्हणाल्या तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग उठला का नाहीत?”

ते मान खाली घालून म्हणाले, “उठलो आस्तो तर मला म्हाईत हाय ह्ये समद्यास्नी कळलं आस्तं.”

यावर मला बोलण्यासारखं खूप होतं. पण घड्याळ चालू होतं. मी काय हवं ते सांगितलं आणि हेही सांगितलं की मजकूर मी सांगणार नाही. काय लिहायचं ते त्यांनी ठरवायचं आणि खरं तेवढंच लिहायचं. त्यांनी रोपवाटिकेच्या बिलाच्या कोऱ्या कागदावर वाकून लिहिलं. खोडाखोड झाली. मला दिलं तेव्हा त्यात चारच ओळी होत्या. अर्जाचे प्रश्न विचारले तेव्हा मी समोर बसलो होतो. विम्याच्या एजंट बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं होतं, मी गेलो नाही. माझ्याकडे तंबाखू किंवा मिसरी वापरणाऱ्याला कामावरून काढतात, हे कामगारांना माहीत आहे. कौसाबाई त्या दिवशी खरं बोलल्या असत्या, तर मी त्यांना काढलं असतं.

खाली सही, शिक्का. आम्ही तिथूनच फोटो काढून पाठवला आणि बारामतीला परत निघालो. निघताना भाई गाडीपर्यंत आले. अश्विनीला म्हणाले, “तू उद्या न्हाय आलीस तरी पगार चालू. सासूपाशी थांब.” कौसाबाईकडे मात्र त्यांना बघवलं नाही.

त्या संध्याकाळी उत्तर आलं नाही. खिडकीवरच्या मुलीने डॉक्टरांच्या हातापाया पडून तारीख एक दिवस धरून ठेवली, तिचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीने आणखी एक कागद मागितला, तो दिला. अश्विनीने दोन वेळा फोन कट केला कारण तिला माझं नाव बघूनच भीती वाटत होती. अखेर मंजुरी आली तेव्हा मी दवाखान्याच्या आवारात वडापाव खात होते. मी त्या दिवशी भर आवारात रडले. एवढ्या वर्षांत किती क्लेम केले, त्यात कधी रडले नव्हते.

ऑपरेशन झालं. गालाचा एक भाग काढला, मांडीची कातडी लावली. कौसाबाई जगली. जेवण पातळ, बोलणं बोबडं, पण जगली. एक गोष्ट मात्र मला आजही टोचते. तिच्या पॉलिसीत दरवर्षी एक तपासणी फुकट होती. ती एकदाही गेली नाही. तपासणीत डॉक्टर तोंड उघडायला लावतील, हे तिला माहीत होतं. गालातला पांढरा चट्टा तिने वर्षभर आरशात पाहिला होता, आणि वर्षभर ती फक्त हात धूत राहिली. विमा होता, पैसे परत मिळत होते, दवाखाना होता. दारातल्या फळीची भीती त्या सगळ्याहून मोठी निघाली. ती भीती काढायचं कलम कुठल्याच पॉलिसीत मला सापडलं नाही.

या हंगामाआधी मी पुन्हा वरकुट्याला गेले, नव्या बायांचे अर्ज भरायला. फळी होती, पण तिच्यावरचा मजकूर बदलला होता: हात दुधात बुडवून आत यावे. सवय असेल तर सांगावे, काम जाणार नाही. कौसाबाई दारात बसलेली, आता रोपं काढत नाही, आत येणाऱ्या प्रत्येकीचे हात बघते. मी पिशवीतून अर्ज काढले तशी हनीफभाईंनी न सांगता खुर्ची उचलली, थेट रस्त्यापर्यंत गेले आणि पाठ करून बसले.

तिसरी बाई पुढे आली ती लता. कौसाबाईने भाईंच्या मागे लागून तिला परत आणवली होती. दारू, गुटखा, तंबाखू, मी विचारत गेले. न्हाय, न्हाय, न्हाय. मिसरी म्हटल्यावर लताने रस्त्याकडे बघितलं. भाईंची पाठच दिसत होती. मग तिने कौसाबाईच्या गालाकडे बघितलं.

कौसाबाई बोबड्या बोलात म्हणाली, “सांग गं.”

“व्हय,” लता म्हणाली. मी अर्जावर ‘हो’ लिहिलं.

मिसरी सांगितल्यामुळे लताचा हप्ता इतरांपेक्षा जास्त आला. भिशीतून तो भरला गेला आणि ती पावती घेऊन भाईंकडे गेली. भाईंनी पावती बघितली, बाकीच्या बायांच्या पावत्याही बघितल्या. मग त्यांनी पूर्ण रक्कम तिच्या खात्यावर टाकली. हिचाच जास्त का, हे त्यांनी विचारलं नाही.